स्काल्प थेरपिस्ट व्हायचंय? मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

पार्लरमध्ये हेअर स्पा करणाऱ्या मुली, सलूनमध्ये वर्षानुवर्षं कात्री चालवणारे दादा, नुकतीच बारावी झालेली पोरं, सगळ्यांकडून हल्ली एकच विचारणा होते: "ताई, स्काल्पचा कोर्स करावा का? कुठून करू? फी भरू का?" मी परळच्या एका पार्लरमधून या कामात आले आणि आता एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये स्काल्प थेरपिस्ट म्हणून, म्हणजे डोक्याच्या त्वचेची तपासणी आणि निगा करणारी म्हणून, काम करते. या वाटेवर नीट माहिती एका जागी मिळत नाही. जाहिराती मात्र भरपूर मिळतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. फी भरायच्या आधी वाचा.

१. आधी हद्द समजून घ्या

कोर्स शोधण्याच्याही आधीची ही पायरी आहे. स्काल्प थेरपिस्ट डॉक्टर नसतो. 'ट्रायकॉलॉजिस्ट' (केस आणि डोक्याच्या त्वचेचा अभ्यास केलेला) ही पाटीसुद्धा आपल्याकडे वैद्यकीय पदवी नाही. परदेशात या विषयाच्या जुन्या संस्था आहेत. लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ ट्रायकॉलॉजिस्ट्स १९०२ सालची, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ ट्रायकॉलॉजिस्ट्स १९७४ सालची. त्यांचा अभ्यासक्रम चांगला आहे, पण त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने महाराष्ट्रात कुणालाही सुई टोचण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही.

तुमच्या हातातली कामं अशी: क्लायंटची सविस्तर माहिती घेणं, कॅमेऱ्याने डोक्याची त्वचा बघणं, फोटो काढून नोंद ठेवणं, कोंडा-तेलकटपणासाठी डोकं धुणं आणि निगा, मसाज, घरी काय करायचं ते समजावणं, आणि जिथे गरज आहे तिथे डॉक्टरांकडे पाठवणं. रक्त काढणं, पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन, रक्त येईल इतक्या खोलीचं मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचणं), गोळ्या सुचवणं हे तुमचं काम नाही. हेअर ट्रान्सप्लांटबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून कुणी ही शस्त्रक्रिया सुरू करू नये, ते रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचं काम आहे.

"आमच्याकडे सगळेच करतात, तू पण कर" असं मालक म्हणाले तर तिथे नोकरी करू नका. काही बिघडलं की सुई ज्याच्या हातात होती त्यालाच आधी विचारतात.

२. केस का गळतात ते आधी शिका, उपकरणं नंतर

कोर्समध्ये मशीन दाखवण्यात फार वेळ जातो. खरी कमाई मात्र गळतीचं कारण ओळखण्यात आहे, म्हणून या पायरीवर थोडं थांबा.

डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढत असतात. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग २-३ आठवडे त्याची वाढ थांबत येते, मग ३ महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. वाढ महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. एवढं पाठ असलं तरी क्लायंटच्या निम्म्या घाबरण्यावर तुम्ही फुंकर घालू शकता.

आता मुंबईत रोज दिसणारे प्रकार.

ताप येऊन गेल्यानंतरची गळती. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड होतो, माणूस गणपतीपर्यंत बरा होतो आणि दिवाळीच्या सुमारास "अचानक" मुठीमुठीने केस जायला लागतात. मध्ये दोन-तीन महिने गेलेले असल्याने कुणाला ताप आठवतच नाही. शाम्पूला दोष दिला जातो, पाण्याला दोष दिला जातो. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, कडक डाएटनंतरही हेच होतं. म्हणून तुमचा पहिला प्रश्न "कुठलं तेल लावता?" हा नसून "गेल्या चार महिन्यांत आजारपण झालं होतं का?" हा असायला हवा. ही गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. अशा माणसाला महागडं पॅकेज विकणं मला अजिबात पटत नाही.

घराण्यातून येणारं टक्कल. पुरुषांत कानशिलांवरून रेषा मागे सरकते आणि मागचा भोवरा विरळ होतो. बायकांत भांग रुंदावतो. इथे डीएचटी नावाचा हार्मोन केसाच्या मुळाला हळूहळू बारीक करत नेतो. पुरुषांसाठी हॅमिल्टन-नॉरवुड आणि बायकांसाठी लुडविग अशा मोजपट्ट्या आहेत, त्या चित्रांसकट शिकून घ्या. कॅमेऱ्याखाली जाड आणि बारीक केस शेजारी-शेजारी मिसळलेले दिसले की हा प्रकार असण्याची शक्यता मोठी.

चाई. गोल, गुळगुळीत चट्टा. शरीराची संरक्षण यंत्रणाच केसाच्या मुळावर उलटते म्हणून हा होतो. गावाकडे त्यावर कांदा, लसूण, काय काय चोळतात आणि त्वचा भाजून माणूस आपल्याकडे येतो. ओरडू नका, शांतपणे डॉक्टरांकडे पाठवा.

लहान मुलाच्या डोक्यात खवले आणि तुटके केस दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. त्याला पोटातून औषध लागतं आणि तुमचा कंगवा लगेच निर्जंतुक करावा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जिथे त्वचा चकचकीत झाली आहे आणि केसांची छिद्रंच दिसत नाहीत, तिथे व्रण होऊन मूळ कायमचं जात असतं. याला 'बघू, आधी दोन स्पा करू' असं म्हणायला वेळ नसतो. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ. पैशांची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर, जे.जे., कूपर या रुग्णालयांच्या स्किन ओपीडीत केसपेपर अगदी थोड्या पैशांत निघतो. हे पत्ते आणि ओपीडीचे वार लिहून टेबलावर ठेवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट. मीरा रोड, वसई-विरारकडून येणारे खूप जण टँकर-बोअरिंगच्या पाण्याने केस गेले म्हणतात. जड पाण्याने केस कोरडे, राठ होतात, तुटतात. पण मुळापासून पांढऱ्या टोकासह पडणारा केस आणि मध्येच तुटलेला केस यात फरक आहे. तो बोटावर घेऊन क्लायंटला दाखवा. त्यानंतर तो तुमचं बाकीचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो.

३. 'रीजनरेटिव्ह' उपचारांतलं काय खरं, काय अर्धवट

'रीजनरेटिव्ह' म्हणजे केसांच्या मुळांना पुन्हा वाढीला लावतो असं म्हणणारे उपचार. तुम्ही हे उपचार करणार नसलात तरी क्लायंट विचारणार तुम्हालाच. त्यामुळे उत्तर तयार हवं.

पीआरपी: माणसाचंच थोडं रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, प्लेटलेट्सचा भाग वेगळा करतात आणि तो डॉक्टर डोक्याच्या त्वचेत टोचतात. प्लेटलेट्समधून वाढीला मदत करणारे घटक सुटतात. सहसा महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा, नंतर काही महिन्यांनी एकदा. घराण्यातून आलेल्या विरळपणात अनेक अभ्यासांत फायदा दिसला आहे, पण प्रत्येक ठिकाणी रक्त फिरवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे निकालही वेगवेगळे. पूर्ण टक्कल पडलेल्या जागी त्याने केस उगवत नाहीत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणारे, प्लेटलेट्स कमी असणारे, डोक्यात इन्फेक्शन असणारे, गरोदर बायका यांची माहिती आधीच डॉक्टरांच्या कानावर घालणं हे तुमचं काम. नुकताच डेंग्यू झालेला माणूस पीआरपीसाठी आला तर हे विशेष लक्षात ठेवा.

जीएफसी (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट): पीआरपीच्याच घराण्यातला उपचार. तयार किटमध्ये प्लेटलेट्समधले घटक आधीच बाहेर काढून फक्त तेवढेच टोचतात. जाहिरात पीआरपीपेक्षा मोठी, अभ्यास मात्र कमी.

मायक्रोनीडलिंग: यातला खूप उद्धृत केला जाणारा अभ्यास आपल्या मुंबईतला, सायनच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातला, २०१३ सालचा आहे. १०० पुरुषांना दोन गटांत वाटलं. एका गटाने फक्त ५ टक्के मिनॉक्सिडिल (केसांच्या वाढीसाठी डोक्याला लावायचं औषध) लावलं, दुसऱ्याने त्याबरोबर आठवड्यातून एकदा मायक्रोनीडलिंग करून घेतलं. १२ आठवड्यांनी मोजणीच्या ठरलेल्या जागेत पहिल्या गटात सरासरी २२ केस वाढले, दुसऱ्यात ९१. अभ्यास लहान आणि कमी काळाचा होता, हेही सांगायला विसरू नका. आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. ऑनलाइन मागवलेला रोलर घरातल्या तिघांनी आलटून पालटून वापरणं म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या आजारांना आमंत्रण.

एक्झोसोम: पेशींमधून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या. सध्या इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त ओरड याची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोणत्याही एक्झोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही, उलट २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकांना सावध केलं होतं. कुठलं क्लिनिक कॉस्मेटिक म्हणून आलेली बाटली सुईने टोचताना दिसलं तर तिथून बाहेर पडा.

स्टेम सेल (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी): आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर संशोधनाबाहेर, रक्ताच्या काही आजारांसारखे ठरावीक अपवाद सोडले तर, स्टेम सेलचा उपचार पैसे घेऊन करणं गैर आहे. 'स्टेम सेल हेअर पॅकेज' असा बोर्ड दिसला की सावध.

आणि साधी औषधं विसरू नका. अमेरिकेत मिनॉक्सिडिल १९८८ पासून केसांसाठी मंजूर आहे, फिनास्टराइडची गोळी पुरुषांच्या टकलासाठी १९९७ पासून. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि बरेच लोक तिथेच सोडून देतात. डॉक्टरांनी ते लिहून दिलं असेल तर "हे होऊ शकतं, चार-सहा महिने धीर धरा" हे वाक्य तुम्ही शांतपणे सांगू शकता. माझ्या मते थेरपिस्ट क्लायंटला यापेक्षा मोठी मदत क्वचितच करतो. फिनास्टराइडबद्दल एकच गोष्ट पक्की ठेवा: गरोदर बाईच्या हाती फुटलेली गोळीसुद्धा लागू नये.

एक बारीक सापळा बायोटिन या जीवनसत्त्वाचा. केसांसाठी म्हणून लोक मोठ्या डोसच्या गोळ्या घेतात आणि त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त तपासणी सांगितली असेल तर 'बायोटिन चालू आहे' हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगायला लावा.

४. कोर्स कुठला घ्यायचा

तीन वाटा आहेत.

पाया नसेल तर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड. दहावी पास असणं पुरतं, फी खासगीच्या तुलनेत फारच कमी, आणि स्वच्छता, त्वचा, केस यांचं मूलभूत शिक्षण नीट होतं. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो, दहावीच्या निकालानंतर लगेच लक्ष ठेवा.

दुसरी वाट ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलशी जोडलेल्या केंद्रांची. इथे कोर्सचं नाव नव्हे, त्याचा पात्रता कोड विचारा आणि तो राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत ऑनलाइन तपासा. 'सरकारमान्य' हा शब्द कुणीही छापतो.

तिसरी खासगी किंवा आंतरराष्ट्रीय डिप्लोमांची: सिडेस्को, सिटी अँड गिल्ड्स, किंवा वर सांगितलेल्या ट्रायकॉलॉजी संस्था. जहाजावर, हॉटेलच्या स्पामध्ये किंवा परदेशात काम करायचं असेल तर यांचा उपयोग होतो. दादर-ठाण्यात काम करायचं असेल तर कर्ज काढून यात उतरू नका.

पाया झाल्यावर स्काल्पचा वेगळा छोटा कोर्स घ्या. उलट क्रमाने गेलात तर मशीन चालवता येईल, पण त्वचा वाचता येणार नाही.

५. फी भरण्याआधी समोर बसून विचारायचे प्रश्न

फोनवर नको, प्रत्यक्ष जा. एक दिवस वर्गात मागे बसू द्या म्हणा. नकार दिला तर तेच उत्तर समजा.

शिकवणारं कोण? त्वचारोगतज्ज्ञांची किमान दोन-चार सत्रं तरी आहेत का? डॉक्टरांचं नाव सांगितलं तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत ते शोधा. खऱ्या माणसांच्या डोक्यावर सराव किती, की डमीवरच? एका कॅमेऱ्यावर किती विद्यार्थी? परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का? किट फीमध्ये आहे की नंतर त्यांच्याकडूनच चढ्या भावाने घ्यावं लागतं?

माझ्या ओळखीच्या एका मुलीला दोन दिवसांच्या कार्यशाळेत "आता तुम्ही पीआरपी करू शकता" असं सांगून प्रमाणपत्र दिलं गेलं. ती बिचारी आनंदाने कामाला लागणार होती. असा कोर्स कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्यांना मागच्या बॅचच्या तिघांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा. फी हप्त्यांत द्या, छापील पावती घ्या, आणि मध्येच सोडलं तर पैसे परत किती, हे लिहून घ्या.

६. कागदपत्रं

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड
- दहावी, बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला
- पासपोर्ट साइझ फोटो, जरा जास्तच
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- सवलत हवी असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला
- आधीचं पार्लरचं काम असेल तर मालकांच्या सहीचं अनुभवपत्र
- हिपॅटायटिस बी लसीची नोंद

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विशेष लक्ष द्या. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यात प्रवेश अडकतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवा.

लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणजे कोर्स संपताना लस पूर्ण हवी असेल तर पहिला डोस प्रवेशाच्या आधीच घ्यायला हवा. क्लिनिकवाले हे विचारतात आणि विचारायलाच हवं.

७. सामान

सुरुवातीला थोडकंच घ्या. शेपटीचा कंगवा, सेक्शन क्लिप्स, नायट्राइल ग्लोव्ह्ज, मऊ स्काल्प ब्रश, स्प्रे बाटली, मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडायचा यूएसबी स्काल्प कॅमेरा, फोटोसाठी साधा निळा पडदा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण. सलूनचं सामान क्रॉफर्ड मार्केटमध्ये, ग्लोव्ह्ज आणि जंतुनाशक प्रिन्सेस स्ट्रीटला घाऊक भावात मिळतं.

ती चिकटपट्टी सामानातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. क्लायंट दर वेळी त्याच जागी, त्याच उजेडात, तसाच भांग पाडून बसला तरच सहा महिन्यांनंतरचा फोटो काही सांगतो. ओले केस आणि कोरडे केस यांची तुलना करून 'रिझल्ट' दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेने जाऊ नका. फोटो काढण्याची लेखी परवानगी घ्या, आणि सोशल मीडियावर टाकायचा असेल तर त्यासाठी वेगळी सही.

कंगवे-ब्रश प्रत्येक क्लायंटनंतर धुवून जंतुनाशकात. पावसाळ्यात टॉवेल सुकत नाहीत, दमट टॉवेल कुणाच्याही डोक्याला लावू नका, जास्तीचा साठा ठेवा. क्लिनिकमध्ये काम करताना सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सिरिंज-नळ्यांचं प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. सुई तुम्ही टोचत नसलात तरी आवरायला तुम्हीच असता.

८. पहिली नोकरी

पहिलं वर्ष त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काढा, पगार पार्लरपेक्षा थोडा कमी असला तरी. पार्लरमध्ये टिप्स मिळतात, इथे नजर तयार होते. तुम्ही कॅमेऱ्याखाली काय बघितलं ते कागदावर लिहा, मग डॉक्टरांचं निदान बघा. दोन्ही जुळत नसेल तर संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर विचारा. चांगले डॉक्टर समजावतात.

मुलाखतीला जाताना सराव केलेल्या क्लायंटची नोंदवही न्या, नाव-चेहरा झाकून. विचारतील ते साधारण असं: "हेअर पुल टेस्ट कशी करतेस?" उत्तर: ५०-६० केसांचा झुपका मुळाजवळ धरून हळू ओढत टोकापर्यंत यायचं, हातात किती आले ते मोजायचं, आणि क्लायंटने आदल्या दिवशी केस धुतलेत का ते आधी विचारायचं. डोक्याच्या किमान तीन-चार भागांवर करायचं.

बोलणंही शिका. "तुमचे केस खूपच गेलेत हो" हे वाक्य तोंडातून निघूच देऊ नका. लग्न ठरायच्या वयाची मुलं-मुली समोर बसलेली असतात, कित्येकदा आई सोबत आलेली असते आणि तीच बोलत असते. आईचं ऐकून घ्या, पण प्रश्न मुलीला विचारा. पाळी अनियमित आहे का, चेहऱ्यावर केस वाढलेत का, हे बाजूला घेऊन विचारा, कारण त्यावरून पीसीओएसचा (हार्मोन्स बिघडून होणाऱ्या अंडाशयाच्या त्रासाचा) अंदाज येतो आणि डॉक्टरांना ते कळायला हवं.

९. स्वतःचं सुरू करताना

क्लिनिकमधलं एक वर्ष झाल्याशिवाय हा विचार नको. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महापालिकेचे परवाने तुमच्या वॉर्ड कार्यालयात जागेच्या कागदांसह प्रत्यक्ष जाऊन विचारा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये सुरू करणार असाल तर कमिटीची लेखी परवानगी आधी, रंगरंगोटी नंतर.

पाटीवर आणि जाहिरातीत काय लिहिता ते जपा. औषध नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची 'जे' मध्ये टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्हींचा समावेश आहे, म्हणजे औषधाने ते बरं करून देतो असा दावा करायला मनाई आहे. 'स्काल्प तपासणी आणि निगा' एवढं लिहिलं तरी लोक येतात.

शेवटी, जवळच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांना आधी भेटून या. पेशंट पाठवण्यासाठी कमिशन मागू नका आणि कुणी देऊ केलं तर घेऊ नका. एक छापील रेफरल चिठ्ठी बनवा: क्लायंटचं नाव, वय, कधीपासून त्रास, तुम्हाला काय दिसलं, कुठली औषधं चालू आहेत, आणि फोटो. पहिल्या चिठ्ठीच्या मागे डॉक्टरांनी उत्तर लिहून पाठवलं की तिची झेरॉक्स काढून फाइलला लावा आणि त्या क्लायंटला तीन महिन्यांनंतरची तारीख द्या.